‘अंबेल’ म्हणजे नेमका कोणता फुलोरा, आणि हा शब्द आला कुठून?

फुलावर आलेला सांबार पाहा. (पुण्याकडचे असाल तर कोथिंबीर.) दांड्याच्या एकाच टोकातून सगळ्या काड्या फुटतात, छत्रीच्या तारांसारख्या, आणि प्रत्येक काडीवर परत तसाच छोटा झुबका. हे अंबेल. लॅटिनमध्ये ‘उम्ब्रा’ म्हणजे सावली, त्यावरून ‘उम्बेला’, म्हणजे उन्हाची छत्री. आपली अंब्रेला त्याच घरातली.

या छत्रीवरून माझं एकदा चांगलंच वाजलं आहे. मी नागपुरात विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलींनी फुलोऱ्यांचा तक्ता केला होता. माझ्या गच्चीवरच्या कुंडीतला जून झालेला सांबार सेलोटेपनं चिकटवला, खाली स्केचपेननं ‘सांबार : छत्री फुलोरा’. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खिशातून लाल पेन काढला. ‘सांबार’ खोडून ‘कोथिंबीर’, ‘छत्री’ खोडून ‘चामरकल्प’, आणि कोपऱ्यात ‘ग्राम्य शब्द टाळावेत’. काहून? सांबारवडी खाताना तर कोणी नाव बदलून मागत नाही! पोरींची तोंडं एवढीशी झाली. एकीनं हळूच विचारलं, “मॅडम, चामर म्हणजे?”

चामर म्हणजे देवावर ढाळतात ती चवरी. तिचे केस एका मुठीतून सुटतात हे खरं, पण ते लोंबतात. सांबाराचा फुलोरा वर ताठ पसरतो, माथा जवळजवळ सपाट. कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या तर मुद्दाम मोठ्या, छत्रीला झालर लावल्यासारख्या. जिरं, बडीशेप, ओवा, गाजर, सगळे याच कुळातले. कुळाचं जुनं नाव अंबेलिफेरी, म्हणजे सरळ छत्रीवाले. आता एपिएसी म्हणतात. म्हणजे शास्त्रज्ञांनाही छत्रीच दिसली होती. मुलांना शिकवणार असाल तर बिनधास्त छत्री सांगा.

तसा ‘चामरकल्प’ चूक नाही, मराठी विश्वकोशात तोच आहे, परीक्षेत तोच लिहा. आणि छत्री दिसली की याच कुळातलं असं धरू नका. कांद्याच्या डेंगळ्यावरचा गोंडाही अंबेलच म्हणतात, पण कांद्याचं कूळ वेगळं. कोरिम्ब नावाच्या दुसऱ्या फुलोऱ्याशीही गल्लत होते. त्यात काड्या वेगवेगळ्या उंचीवरून निघतात, फक्त माथा एका पातळीत येतो.

तो तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. सांबार वाळून गळून गेला, लाल शाई तशीच आहे.