अंडी महाग झाली आहेत, घरात पाच खाणारी माणसं. कुठे आणि कशी कपात करावी?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं, त्यात दोन वाढत्या वयाची मुलं आणि एक गरोदर जाऊ. रोज सकाळी अंडं खायची सवय, आणि आता भाव ऐकला की घ्यायला हात धजत नाही. सगळ्यांचीच अंडी निम्मी करावीत का, आणि घरामागे चार कोंबड्या पाळल्या तर परवडेल का, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यांची निम्मी करू नका. हे आधीच सांगते, कारण मी तेच केलं होतं. गेली अकरा वर्षं मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. त्यामुळे अंडी महागली की मला दोन्हीकडून झळ बसते, जेवणात आणि मिळकतीतही. मागे एकदा भाव असाच चढला तेव्हा मी सरसकट कात्री लावली. मुलांच्या ताटातलं अंडं एक दिवसाआड गेलं, आणि महिन्याच्या शेवटी पाहिलं तर खर्च जेमतेम कमी झालेला. अंडी दुसरीकडेच जात होती.

मग फ्रिजच्या दाराला दोऱ्याने एक वही बांधली. जो कोणी अंडं काढेल त्याने एक रेघ मारायची आणि पुढे दोन शब्दांत कशासाठी ते लिहायचं, एवढाच नियम. केकच्या ऑर्डरींची अंडी वेगळी ठेवली. आठवड्याला घरची ४७ अंडी निघाली. त्यातली २६ खरोखर अंडं म्हणून खाल्ली गेली होती, म्हणजे उकडून किंवा ऑम्लेट करून. सहा घरच्या केकमध्ये गेली. बारा अशा ठिकाणी गेली जिथे खाणाऱ्याला अंडं आहे हे कळलंही नसतं: कटलेटच्या सारणात, तळणीच्या घोळात, पॅनकेकमध्ये, ब्रेडवर चकाकी यावी म्हणून. आणि तीन अंड्यांचा पांढरा भाग चक्क फेकला गेला, कारण पाककृतीला फक्त बलक हवा होता.

त्या बारामधलं एक मला अजून आठवतं. पावाच्या लाद्यांवर ब्रशने फिरवायला मी अख्खं अंडं फोडलं होतं, फेटलं होतं, आणि जेमतेम दोन चमचे वापरून उरलेलं वाटीसकट सिंकमध्ये ठेवलं होतं. थोड्या वेळाने बघते तर वाटीच्या कडेला ते वाळून पिवळी साय धरलेली. त्याच सकाळी मुलीला मी म्हटलं होतं, ‘आज अंडं नाही, उद्या.’ ते मनाला फार लागलं. तुम्हीही आधी आठवडाभर अशी वही ठेवा. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण गळती कुठे आहे ते डोळ्यांसमोर येईल.

अंडं पदार्थात काय काम करतं हे कळलं की ते कुठून काढता येईल तेही कळतं. कटलेटमध्ये ते फक्त सारण धरून ठेवतं. तिथे कुस्करलेला उकडलेला बटाटा किंवा चमचाभर बेसन तेच काम करतं, आणि बाहेरून घोळवायला कॉर्नफ्लॉवरची पातळ पेस्ट पुरते. पावावरच्या चकाकीला दूध लावा. रंग थोडा फिका येतो, बाकी काही बिघडत नाही. पॅनकेक, मफिन, कुकी यांना जवस चालतो: एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची. ती अंड्यासारखी बुळबुळीत झाली की एका अंड्याच्या जागी घालायची. एक-दोन अंड्यांच्या साध्या केकमध्ये दर अंड्यामागे पाव कप दही घातलं तरी केक मऊ होतो. त्यात सोडा असला तर दह्याच्या आंबटपणाने तो फुलतोही छान. कस्टर्डला दाटपणा हवा असतो, तो बराचसा कॉर्नफ्लॉवर देतं.

स्पंज केकमध्ये मात्र हात आखडू नका. तीन किंवा जास्त अंडी फेटून ज्यात हवा भरायची असते, तिथे अंडं हाच पदार्थाचा सांगाडा असतो. दही किंवा जवस घातला तर केक बसतो, मग साखर, लोणी, मैदा, गॅस सगळंच वाया. एवढी अंडी नसतील तर त्या दिवशी स्पंज न करता दुसरं काही करा. मेरिंगसाठी, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेसोबत फेटून भाजतात त्या गोड पदार्थासाठी, मात्र एक वेगळी वाट आहे. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या लक्षात आलं की कडधान्य शिजवल्यावर उरणारं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं. काबुली हरभऱ्याचं दाटसर पाणी घ्या, तीन मोठे चमचे म्हणजे साधारण एक अंडं. ते नेटाने दहा मिनिटं फेटावं लागतं, पण घट्ट फेस येतो. मी स्वतः कितीतरी वेळा केलंय. एरवी हे पाणी आपण ओतूनच देतो.

आता भावाबद्दल. तो का चढतो हे समजलं की घाईने साठा करायची इच्छा आपोआप कमी होते. अंड्याच्या उत्पादनखर्चातला ६० ते ७० टक्के भाग निव्वळ खाद्याचा असतो, आणि खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. ही दोन पिकं महागली की अंडं महागतं. उन्हाळा कडक असला की कोंबड्या खाणं कमी करतात, अंडी कमी आणि लहान देतात. आणि तिसरं बर्ड फ्लू. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसात आढळलेल्या एच५एन१ विषाणूचे वंशज आज जगभर पसरलेत. एका कोंबडीला लागण झाली की शेडमधल्या सगळ्याच माराव्या लागतात. अमेरिकेत २०२२ पासून दहा कोटींहून जास्त पाळीव पक्षी असे गेले. नवी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंड्यावर यायला १८ ते २० आठवडे लागतात, म्हणून मोठी साथ आली की पुरवठा रुळावर यायला महिने जातात. पण येतो. अमेरिकेतच २०२५ च्या मार्चमध्ये भाव विक्रमी चढला आणि पुढच्या काही महिन्यांत उतरला. म्हणून तुमचं गणित पाच-सहा महिन्यांचं मांडा. आज दहा डझन आणून ठेवले तर त्यातले दोन डझन जुने होतील एवढंच.

घेताना डझनाचा भाव बघू नका, वजनाचा बघा. घरी वजनकाटा असेल तर एकदा मोजून पाहा: लहान अंडं ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं, मोठं ६० च्या. म्हणजे लहानांचं डझन ५४० ग्रॅम आणि मोठ्यांचं ७२०, एक तृतीयांश जास्त. मोठ्यांचा भाव त्याहून कमी फरकाने जास्त असेल तर मोठीच स्वस्त पडतात. पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली. मुलं अंडं नगावर खातात. ‘एक उकडलेलं’ म्हणजे एक, मग ते ४५ ग्रॅमचं असो की ६० चं. म्हणून उकडायला मी लहान घेते आणि फेटायला मोठी. टरफल तपकिरी की पांढरं यासाठी जास्त पैसे देऊ नका. तो रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पौष्टिकतेशी त्याचा संबंध नाही. बलकाचा गडद रंगही खाद्यावरूनच येतो.

तडा गेलेली अंडी कमी भावात मिळतात, ती घेऊ नका. टरफल फुटलं की साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूला आत जायला वाट मिळते, आणि तो तडा किती तासांचा आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. घरी आणताना एखादं तडकलं तर लगेच फोडून डब्यात काढा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत नीट शिजवून संपवा.

जपून ठेवण्याने जितके पैसे वाचतात तितके घासाघीस करून वाचत नाहीत. अंडी फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार सतत उघडतं आणि तिथलं तापमान वरखाली होत राहतं. आत, मागच्या बाजूला, निमुळतं टोक खाली करून ठेवा. आणल्यावर धुवू नका. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्यावर एक नैसर्गिक थर असतो, तो धुतला की जातो. फ्रिजमध्ये अंडं तीन ते पाच आठवडे चांगलं राहतं, उकडलेलं मात्र एक आठवडाच. जुनं वाटलं तर पाण्यात सोडून बघा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर आधी ते वापरा. तरंगलं तर आत हवेची पोकळी वाढलेली असते, म्हणजे ते जुनं आहे, पण नासलंच असेल असं नाही. वेगळ्या वाटीत फोडा, वास घ्या, मग ठरवा. मी आधी तरंगणारं प्रत्येक अंडं फेकत होते.

भाव उतरला की गोठवून ठेवता येतात. टरफलासकट नको, फुटतात. हलकं फेटून छोट्या डब्यांत भरा आणि डब्यावर संख्या आणि तारीख लिहा. वर्षभर टिकतात. नुसता पांढरा भाग तसाच गोठतो, माझं फेकणं बंद झालं ते त्यानेच. नुसता बलक गोठवला तर चिकट गोळा होतो, म्हणून त्यात आधी चिमूटभर मीठ किंवा थोडी साखर फेटायची, पुढे तिखट करणार की गोड त्याप्रमाणे. आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा, ओट्यावर वितळवू नका.

कोंबड्यांबद्दल मनापासून सांगते, कारण चार कोंबड्या मी अडीच वर्षं पाळल्या. पैसे वाचवायला पाळू नका. एक कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. चार कोंबड्या म्हणजे महिन्याला १४ किलोच्या आसपास, आणि आपण ते किरकोळ भावाने घेतो. खुराडं, जाळी, औषधं वेगळी. पहिलं वर्ष छान गेलं, जवळजवळ रोज तीन अंडी. मग दिवस लहान झाले. अंडी द्यायला कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. त्यात पिसं झडायला लागली, एक खुडूक बसली, आणि दीड महिना आम्ही अंडी विकत आणत होतो आणि खाद्यही. एका रात्री जाळीखालून उकरून काहीतरी आत शिरलं आणि दोन गेल्या. सकाळी मुलांना ते सांगणं मला फार जड गेलं. उरलेल्या दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत ठेवल्या, आणि शेवटच्या काळात त्या आठवड्याला दोन-तीनच अंडी देत. त्यांचा लळा लागला म्हणून मला खंत नाही. तुम्हालाही तशी हौस असेल, रोज सकाळ-संध्याकाळ कोणी लक्ष देणार असेल आणि तुमच्या भागात पाळायला परवानगी असेल तर जरूर पाळा. मात्र काटकसरीच्या वहीत त्यांना धरू नका.

राहिला प्रश्न कोणाचं अंडं कमी करायचं. मोठ्या माणसांचं करा, कारण त्यांची प्रथिनं दुसरीकडून भरून निघतात. एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं. दोन अंड्यांइतकी प्रथिनं ५० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात मिळतात, सोयाच्या वड्यांत तर २५ ग्रॅममध्येच. डाळीत प्रथिनांचा जो घटक (अमिनो आम्ल) कमी असतो तो धान्यात असतो, म्हणून दोन्ही एका जेवणात घ्या. बी१२ जीवनसत्त्व डाळीत नसतं, ते दुधा-दह्यातून घ्यावं लागेल. एकदम बंद करण्यापेक्षा आमच्याकडे जमलं ते असं: तीन अंड्यांत दोन मोठे चमचे बेसन, थोडं पाणी, बारीक चिरलेला कांदा आणि पालेभाजी घालून चौघांचं ऑम्लेट. सासूबाईंना ते नुसत्या अंड्याच्या ऑम्लेटपेक्षा जास्त आवडतं.

मुलांचं रोजचं एक तसंच राहू द्या. आणि जाऊबाईंचं तर मुळीच कमी करू नका. बाळाच्या मेंदूच्या वाढीला कोलीन हे पोषक द्रव्य लागतं, गरोदरपणात दिवसाला ४५० मिलिग्रॅम सुचवलं जातं. एका मोठ्या अंड्यात ते १५० च्या जवळपास असतं आणि जवळजवळ सगळं बलकात. एवढं स्वस्तात आणि सोप्या रीतीने देणारं दुसरं फारसं काही नाही, आजच्या भावातही. त्यांना अंड्याचा त्रास होत नसेल आणि डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल, तर पांढऱ्यासकट अख्खं अंडं द्या. फक्त बलक वाहता ठेवू नका, आतपर्यंत घट्ट शिजू द्या.