सगळं सत्त्व गाळणीत राहत होतं

"मॅडम, घट्ट केलं की नळी चोंदते, पातळ केलं की आईंचं वजन उतरतं. करू तरी काय?" अर्धांगवायूनंतर सासूबाई नाकातल्या नळीवर होत्या आणि सून मला विचारत होती. नळीतून घरचं जेवण देणारी बहुतेक घरं याच पेचात सापडतात.

मी तिला एका फीडची, म्हणजे नळीतून एका वेळी द्यायच्या जेवणाची, तयारी व्हिडिओवर दाखवायला सांगितली. वरणभात मिक्सरमधून काढला, त्यात दोन पेले पाणी, मग बारीक गाळणी. गाळणीत डाळीचा जाड लगदा राहिला, तो सिंकमध्ये गेला. पातेल्यात उरलं वरणाचं पाणी. दिवसाला दीड लिटर पोटात जाऊनही जेमतेम 500 कॅलरी मिळत होत्या. 50 किलो वजनाला साधारण 1250 ते 1500 लागतात. तिच्या सेवेत काडीची कसूर नव्हती.

तिला मोडाच्या नाचणीचं पीठ सुचवलं. नाचणीला मोड आणायचे, वाळवायची, अगदी हलकी भाजून दळायची. जास्त भाजली तर खिमट सैल करण्याचा गुण जातो. मुगाची डाळ-तांदूळ मऊ शिजवून, फोडणी न घालता वाटायचे. उकळी थांबली की गरम खिमटात चमचाभर पीठ ढवळायचं. मोडातलं अमायलेज हे एन्झाइम पिष्ट तोडतं आणि खिमट जास्तीच्या पाण्याशिवाय सैल पडतं. मग पुन्हा एक उकळी, गाळणी आणि वर तेल. लहान चमचाभर तेलात 45 कॅलरी असतात.

दट्ट्या काढलेल्या सिरिंजमध्ये ओतल्यावर ते आपसूक उतरलं पाहिजे, जोर लावायचा नाही. डोकं 30 ते 45 अंश वर, फीडनंतरही तासभर तसंच. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. गोळ्यांची पूड जेवणात मिसळू नका, नळी अनेकदा त्यानंच चोंदते. नळीवरची नाकाजवळची खूण सरकलेली दिसली, ठसका लागला किंवा धाप लागली तर फीड थांबवून डॉक्टरांना गाठा. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, नळी जठराच्या पुढे आतड्यात असेल, तर यातलं काहीही आधी त्यांना विचारूनच.

शेवटी तिनं हळूच विचारलं, "रात्री तयार फीडची डब्यातली पावडर दिली तर चालेल?" ती पहाटे उठून कुकर लावत होती. मी म्हटलं, "खुशाल दे, आणि झोप."