प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत आठवीला खडक, ऋतू आणि हवेचा दाब प्रात्यक्षिकांतून शिकवता येतील का?

तुमच्या शाळेत प्रयोगशाळा नावापुरतीच आहे आणि तासिका 35 मिनिटांची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, आणि तेवढ्या वेळात हे नक्की जमते असे माझे मत आहे. अट एकच आहे: प्रात्यक्षिक दाखवण्यापूर्वी ‘आता काय होईल आणि का?’ याचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहिले पाहिजे. एकदा स्वतःचा अंदाज लिहिला की मुलाला निकालाची उत्सुकता लागते. एरवी प्रयोग जादूच्या खेळासारखा टाळ्या घेतो आणि विसरला जातो.

ताटलीतल्या पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला उपडा घालण्याचा प्रयोग घ्या. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढते, आणि ‘हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन संपला म्हणून तेवढे पाणी चढले’ असे स्पष्टीकरण पिढ्यानपिढ्या दिले जाते. पेला तोच ठेवून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर किती पाणी चढेल, हे मुलांना आधी लिहायला सांगा. ऑक्सिजन तेवढाच असल्यामुळे बहुतेक जण ‘तेवढेच’ असे लिहितात. प्रत्यक्षात पाणी स्पष्टपणे जास्त चढते. शिवाय पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते आणि सुरुवातीला पेल्याच्या कडेखालून बुडबुडे निसटताना दिसतात. म्हणजे तापलेली हवा प्रसरण पावून काही प्रमाणात बाहेर गेली, उरलेली थंड होताना आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकलले, हे कारण मुले निरीक्षणांवरून बहुधा स्वतःच जुळवतात. घाईने सांगून टाकू नका.

ऋतूंसाठी काठीची सावली पुरेशी आहे. पुण्यात शून्य सावलीचे दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होण्याचे दिवस, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतात. पहिला उन्हाळ्याच्या सुट्टीत हरवतो, दुसरा पावसाळी ढगांत. त्यामुळे मी 22 डिसेंबर आणि 21 मार्च हे दिवस धरतो. मैदानात 1 मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि दुपारी सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली पुण्यात डिसेंबरच्या त्या दिवशी 12:33 च्या सुमारास पडते आणि ती सुमारे 90 सेंटिमीटर भरते. मार्चमध्ये ती 12:42 च्या आसपास आणि सुमारे 33 सेंटिमीटर असते. सूर्य बरोबर बारा वाजता माथ्यावर येतो ही समजूत येथेच गळून पडते. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असते, हे त्यानंतरच सांगावे, म्हणजे थंडीचे कारण अंतरात नाही हे मुलांना मोजलेल्या आकड्यांच्या आधारे पटते.

खडकांच्या बाबतीत पुणेकर शिक्षकाला काही विकत आणावे लागत नाही. बांधकामाच्या खडीतला कोणताही काळा तुकडा म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. पाताळेश्वरचे लेणेही त्याच जातीच्या खडकात कोरलेले आहे. काही तुकड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे, चमकदार स्फटिक मिळतात. थंड होण्याच्या वेगावर स्फटिकांचा आकार कसा ठरतो हे दाखवण्यासाठी तुरटीचे गरम, संपृक्त (आणखी तुरटी विरघळणार नाही असे) द्रावण दोन पेल्यांत ओतून एक गार पाण्यात ठेवावा आणि दुसरा जाड कापडात गुंडाळून रात्रभर हलवू नये. पहिल्यात बारीक आणि दुसऱ्यात मोठे स्फटिक तयार होतात. या प्रयोगाची मर्यादाही मुलांसमोर मांडावी: बेसाल्ट वितळलेल्या खडकापासून थिजला, तर तुरटी द्रावणातून बाहेर पडली. म्हणून तुरटी बेसाल्टपेक्षा त्याच्या पोकळ्यांतील स्फटिकांचीच गोष्ट अधिक खरेपणाने सांगते, कारण ते खनिजयुक्त पाण्यातून सावकाश वाढले.

याच कारणासाठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी मी भूशास्त्राच्या तासाला करत नाही. तो आम्ल आणि सोड्याच्या अभिक्रियेचा चांगला नमुना आहे, परंतु लाव्हा तसा तयार होत नाही, आणि दख्खनचा लाव्हा तर मुख्यतः जमिनीतील लांबलचक भेगांतून पसरला. मुले मात्र शंकूच्या आकाराचा डोंगर डोक्यात घेऊन जातात.

दाब आणि उत्कलनबिंदू यांसाठी सुई नसलेली मोठी सिरिंज वापरा. तिच्यात थोडे गरम पाणी घ्या, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा; चूल नसताना पाणी उकळू लागते. पाणी आधी उकळून घेतलेले असावे, नाहीतर ते विरघळलेल्या हवेचेच बुडबुडे आहेत अशी शंका एखादी चौकस मुलगी काढेल, आणि तिचे बरोबर असेल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्याने येथे पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, हेही याच तासिकेत येऊन जाते. भाजण्याचा धोका असल्यामुळे सिरिंज मात्र शिक्षकानेच हाताळावी.