मुंगीची राणी दुसऱ्या राज्यात विकायला परमिट लागतं का?

प्रश्न असा: मुलगा न्यू जर्सीत मुंग्या पाळतो. टेक्सासमधल्या मित्राला राणी विकून पोस्टाने पाठवली तर चालेल का?

परमिटशिवाय नाही. अमेरिकेत जिवंत मुंग्या राज्याची हद्द ओलांडून न्यायच्या तर केंद्रीय कृषी खात्याच्या एफिस विभागाचं 'पीपीक्यू ५२६' परमिट लागतं. पैसे घ्या किंवा फुकट द्या, नियम तोच. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क नाही. त्यात मुंगीची नेमकी जात लिहावी लागते आणि जिथे पाठवायची त्या राज्याचंही मत घेतलं जातं. म्हणून घाई करू नका.

खरी अडचण राणीचीच. बाजारातल्या 'अँट फार्म'मध्ये, म्हणजे मुंग्या पाळायच्या काचेच्या पेटीत, नुसत्या कामकरी मुंग्या येतात, त्या काही महिन्यांत मरतात, वंश वाढत नाही. पण मिलनउड्डाणानंतर, म्हणजे नरांशी मिलनासाठी हवेत उडून आल्यावर, पंख गळालेली एकच राणी, परीक्षानळीत कापसाच्या बोळ्यामागे शांत बसलेली, पुढे हजारोंचं वारूळ उभं करू शकते. लाल फायर अँट ही डंख मारणारी परदेशी मुंगी १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबाइल बंदरातून शिरली आणि सगळा दक्षिण भाग व्यापून बसली. टेक्सासच्या शेतकऱ्याला विचारा, तो पायावरचे फोड दाखवेल.

त्याच राज्यात देवघेव करायची असेल तर हे केंद्रीय परमिट लागत नाही, तरी राज्याचे नियम बघून घ्या. माझं मनापासून सांगणं: मित्राला राणी पाठवू नका, पकडायची कशी ते शिकवा. मे-जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर, उबदार संध्याकाळी फुटपाथवर पंख झटकणाऱ्या राण्या त्याला स्वतःच्या गावातच सापडतील.