पॉलिहाऊसमधल्या ढोबळीची फुलगळ: एनएए मारावं का?

तुमचा प्रश्न असा, की 20 गुंठ्यांत रंगीत ढोबळी मिरची आहे, झाडावर फळं लटकलीत, पण वरची फुलं देठासकट गळताहेत आणि दुकानदार म्हणतो एनएए (नॅप्थलीन ॲसेटिक ॲसिड) आणि जीए (जिबरेलिक ॲसिड) ही दोन संजीवकं, म्हणजे झाडाची वाढ हलवणारी द्रव्यं, मिसळून मारा.

जीए आधी बाजूला ठेवा. ती नाशिककडची द्राक्षाची सवय. थॉम्सन जातीच्या द्राक्षाच्या मण्यात बी नसतं, म्हणून त्याला फुगवणीसाठी बाहेरून जिबरेलिक लागतं. ढोबळीत बी असतं, फुगवणीची संजीवकं ते बीच तयार करतं. वरून जीए मारलं की पेरं लांबतात, शेंडा लुळा पडतो.

फुलगळीचं म्हणाल तर आधी झाडावरची फळं मोजा. ढोबळीला फळं लाटेने धरतात. खाली सात-आठ फळं फुगत असली की वरची फुलं झाड स्वतःच टाकतं, तिथे कुठलीही बाटली चालत नाही. तयार हिरवी फळं थोडी तोडून बघा, आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसतो. दुसरं, शेंड्याच्या उंचीवर किमान-कमाल थर्मामीटर टांगा. दिवसा 32-33 आणि रात्री 24-25 च्या वर पारा राहिला की परागकण कमजोर होतात. पडदे वेळेवर उघडा, दुपारी फॉगर थोडा-थोडा वेळ चालवा. ढगाळ हवेत शेडनेट गुंडाळा, पॉलिहाऊसच्या प्लास्टिक कागदावर धूळ असेल तर धुऊन घ्या. उजेड कमी पडला तरी फूल गळतं. आणि फूल तळहातावर झटकून फुलकिडे बघा.

हे सगळं ठीक असून चार-आठ दिवसांची उष्णता आली असेल, तर एनएए उपयोगी. फुलाकडून देठाला जाणारं ऑक्सिन (झाडाचं स्वतःचं संजीवक) कमी पडलं की देठाच्या बुडाशी तुटायचा थर तयार होतो; एनएए तेवढी उणीव भरतं, बाकी काही नाही. 4.5 टक्क्यांच्या औषधात मिलीला 45 मिलिग्रॅम असतं. म्हणजे 10 पीपीएमसाठी (लिटरला 10 मिलिग्रॅम) 15 लिटरच्या पंपाला 3.3 मिली, 20 पीपीएमला 6.7. मी 10 च्या वर जात नाही. लेबल वाचाच, आणि आधी एका बेडवर मारून बघा.

मोजायला सुईविना सिरिंज घ्या. मी एकदा टोपणाने अंदाजे ओतलं, तेही भर दुपारी. तिसऱ्या दिवशी शेंड्याची पानं मूठ आवळल्यासारखी वळली आणि उरलेली फुलंही गेली. सफरचंदात हेच एनएए फळं विरळ करायला वापरतात, हे मला नंतर कळलं! फवारणी सकाळी लवकर, नुसत्या पाण्यातून; बुरशीनाशक, टॉनिक काही मिसळू नका.

रंग लवकर यावा म्हणून कोणी इथेफॉन सुचवलं तर उभ्या पिकावर मुळीच नको. त्यातून इथिलीन वायू सुटतो, पानं-फुलं सगळंच खाली येतं.

आणि पंप कोणता आहे? बांधावर 2,4-डी हे तणनाशक मारायला वापरलेला असेल तर तो पॉलिहाऊसच्या दारातही आणू नका. कितीही धुतला तरी त्यात अंश राहतो आणि ढोबळीची पानं दोरीसारखी होतात.