पिलबाग नवतीच्या वर कशी गेली?

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, तुझ्या कोडचा ऑनलाइन साठा, म्हणजे रेपोही उघडून पाहिला. व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं असतं तर तुकड्या-तुकड्यांत गेलं असतं आणि मधले दोन तुकडे तू वाचलेच नसतेस. म्हणून सलग लिहिते.

तू विचारलंस, "ताई, मले हे कोडिंग जमते का नाही, ते कसं कळणार?" सोबतची मुलगी हिंजवडीत लागली, तू अजून जळगावच्या क्लासमध्ये, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवायच्या आत "मग, कुठं लागली का?" विचारतो. तगमग होणारच. पण तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. रात्री अकराला ज्याचं उत्तर "नाही" येतं आणि सकाळी नाश्ता झाल्यावर "हो", अशा प्रश्नाच्या भरवशावर काही ठरवू नये.

त्यापेक्षा तुझ्या केळीभावाच्या पानाबद्दल बोलू. रेपोत मला सगळ्यात कामाचं तेच वाटलं. टू-डू ॲप आणि कॅल्क्युलेटर क्लासमधल्या प्रत्येकाकडे असतो. काकांनी रोज पाठवलेले भाव पानावर टाकून नवती, कांदेबाग, पिलबाग या केळीच्या बागांपैकी जास्त भावाची बाग वर, कमी भावाची खाली लावायची, हे काम खरं आहे. ते वापरणारा माणूस खरा आहे, आणि तो चूक काढतो. तुझ्या काकांनी काढलीच ना? "पिलबाग नवतीच्या वर कशी काय गेली?"

त्या दिवशी काय झालं, ते तुझ्या मेसेजमध्ये दीड ओळीत आहे: "सॉर्टमध्ये बग होता, एआयला विचारून फिक्स केला, आता चालतंय." कमिटच्या मेसेजमध्ये, म्हणजे कोडचा बदल जतन करताना लिहायच्या टिपेत, तर एकच शब्द, "फिक्स". माझ्या मते गेल्या काही महिन्यांत तुझ्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तू त्या एका शब्दात गुंडाळून टाकलीस.

नीट बघ. नवती १२५०, कांदेबाग ११००, पिलबाग ९००. जावास्क्रिप्ट भाषेतल्या सॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या आज्ञेला, काही न सांगता हे तीन आकडे दिले, की तो आधी त्यांना स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची ओळ, करतो आणि मग अक्षरांसारखं डावीकडून एकेक चिन्ह ताडून लावतो. १ हा ९ च्या आधी, म्हणून ११००, १२५०, ९००. तू ते उलटं केलंस, म्हणजे ९०० सगळ्यात वर. पिलबाग डोक्यावर, नवती तिच्या खाली. तू आकडेच दिले होतेस, अवतरणचिन्हांत काही टाकलं नव्हतंस, तरी हे होतं. एमडीएन या वेबच्या संदर्भ-साइटवरच्या सॉर्टच्या पानात ही गोष्ट सुरुवातीलाच लिहिलेली आहे. व्हिडिओत ती बहुधा राहून जाते, कारण व्हिडिओवाले उदाहरणाला १ ते ९ मधलेच आकडे घेतात.

आता मला खरी गंमत वाटते ती पुढे. हा बग पहिल्या दिवसापासून तुझ्या पानात होता. सगळे भाव चार आकडी होते तोवर अक्षरांनी लावा की आकड्यांनी, क्रम तोच येत होता. पिलबाग हजाराच्या खाली उतरली आणि झाकलेलं उघडं पडलं. म्हणजे इतके दिवस "चालतंय" म्हणत होतीस, तेव्हा तुझा कोड बरोबर नव्हता, बाजार तेजीत होता.

शिकणाऱ्याने स्वतःकडे बघायचं ते इथे. तुला वाटत होतं की सॉर्ट आकड्यांना आकडे म्हणून ओळखतो. ही समजूत कुठून आली कोण जाणे, कोणीही शिकवलेली नाही, पण ती होती आणि तिच्यावर तू पान उभं केलंस. एआयने दिलेल्या एका ओळीने कोड दुरुस्त झाला. समजूत दुरुस्त झाली का? ती तशीच राहिली असेल तर उद्या तारखांमध्ये, परवा गावांच्या यादीत तीच चूक नवीन कपडे घालून येईल.

एआयला विचारू नकोस असं मी सांगणार नाही. मीही दिवसभर विचारते, ऑफिसात सगळेच विचारतात. फक्त विचारण्याआधी तुझा स्वतःचा अंदाज कागदावर उतरव. शंभर पानी वही घे, साधी. डाव्या पानावर, रन करण्याआधी: मला काय वाटतं, काय होईल, का. उजव्या पानावर, रन केल्यावर: काय झालं. दोन्ही जुळलं तर एक बरोबरची खूण करून पुढे जा, त्यावर वेळ घालवू नकोस. नाही जुळलं तर तिथे थांब आणि नेमकी कोणती समजूत फसली तेवढं एका वाक्यात लिही. मराठीत लिही, घरी बोलतेस तसं लिही. वही कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे इंग्रजीचा धाक नको.

अंदाज आधी लिहायचा, हा यातला जीव आहे. उत्तर दिसल्यावर मन फार हुशारीने सांगतं, "हे तर मला माहीत होतंच." डावं पान त्याला खोटं पाडतं. आणि त्या वहीत "आज खूप छान वाटलं", "आज मूड नव्हता" असलं लिहू नकोस. मूडचा हिशेब ठेवणाऱ्या वह्या मी पुष्कळ पाहिल्यात, त्यांनी कोणाचा कोड सुधारलेला पाहिला नाही. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लॅपटॉपचा पंखा किंचाळतो, तेव्हा मूड कुणाचाच नसतो.

महिना झाला की वही उलटी चाळ. तुझ्या रेपोवरून माझा अंदाज सांगते: तू दोन जागी वारंवार फसतेस. एक, आकडा की स्ट्रिंग. दुसरं, वेळ. सर्व्हरकडून भाव यायच्या आधीच तू टेबल काढायला घेतेस आणि मग टेबल रिकामं का, म्हणून डोकं धरून बसतेस. हे दोन्ही तुझ्या जुन्या कमिटांत चार ठिकाणी दिसतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत चुका कमी होतील असं मी म्हणत नाही, पण त्यांची जात बदलायला हवी. तीच ती चूक परत परत दिसली तर तू नुसते तास भरते आहेस. नवी, जास्त गुंतागुंतीची चूक दिसली तर खुशाल समज की गाडी पुढे सरकली. तुझ्या मूळ प्रश्नाला यापेक्षा भरवशाचं माप मला माहीत नाही. गिटहबवरचे हिरवे चौकोन, सोडवलेल्या कोड्यांची संख्या, भिंतीवरची सर्टिफिकेटं हे सगळं हजेरीपट आहे. हजेरी लागते, नाही असं नाही.

कमिटचे मेसेज मात्र आजपासून सुधार. कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट हे लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिलं, आणि तिथला इतिहास सगळ्यांना वाचायला खुला आहे. कधी दुपारी बसून वाच. एका ओळीचा बदल असतो आणि त्याच्यावर दोन-तीन परिच्छेद: आधी काय होत होतं, का होत होतं, हाच उपाय का निवडला. एवढं तुला नको. पण "फिक्स"च्या जागी "भाव स्ट्रिंग म्हणून लागत होते, तीन आकडी भाव आल्यावर क्रम चुकला, आता आकडे म्हणून तुलना" असं असतं, तर मुलाखतीत "तुम्हाला आलेला एखादा अवघड बग सांगा" म्हटल्यावर तुला घाम फुटला नसता. तो प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारतात. तुझ्याकडे उत्तर होतं. तू ते लिहिलं नव्हतंस, म्हणून आठवलं नाही, आणि तू नेटवरचं कोणाचं तरी पाठ केलेलं सांगितलंस. समोरच्याला ते पहिल्या उपप्रश्नात कळतं.

"इथं राहून काय होणार, कोड दाखवायला कोणी सिनियरच नाही," ही तुझी तक्रार अर्धी खरी आहे. पुण्यात शेजारच्या खुर्चीवर विचारता येतं, जळगावात येत नाही, आणि त्याने फरक पडतो. गोड बोलून मी तो पुसणार नाही. पण "इथं" म्हणजे कुठं, तेही जरा बघ. आज जगभर सॉफ्टवेअरचं काम करणारी विप्रो १९४५ मध्ये अमळनेरात सुरू झाली, वनस्पती तूप काढायला. संगणकाकडे ती वळली त्याला पुढं पस्तीसेक वर्षं लागली. भाषणांमध्ये हे उदाहरण प्रेरणेसाठी झोडतात, मला त्यात कंपनीने एक धंदा येत असताना दुसरा पहिल्यापासून शिकून घेतला, एवढाच भाग कामाचा वाटतो. सिनियर हवा तर उघड्या प्रकल्पांतले पुल रिक्वेस्ट, म्हणजे लोकांनी तपासायला पाठवलेले कोडचे बदल, वाच. बदल वाच, रिव्ह्यू करणाऱ्याने काय म्हटलं असेल ते डाव्या पानावर लिही, मग खालच्या कमेंट उघड. फुकटचा सिनियर आहे, आणि तो तुझ्यावर ओरडतही नाही.

माझ्या कमेंट मी तुझ्या रेपोत टाकल्या आहेत. काही कडक वाटतील. "सॉरी ताई, लगेच बदलते" असं प्रत्येकीखाली लिहू नकोस. पटलं नसेल तर का नाही ते विचार, माझंही चुकत असेल. भावाचं टेबल दोन वेळा काढायचं कारण मला खरंच समजलेलं नाही. तुझ्याकडे असेल तर सांग.

मैत्रिणीच्या पॅकेजबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही. तिचं अभिनंदन कर आणि तिच्या मुलाखतीत काय काय विचारलं ते लिहून घे.

शेवटचं, आणि हे काम आहे. काकांच्या मेसेजमध्ये भाव कधी इंग्रजी आकड्यांत येतो, कधी मराठी. आत्तापर्यंत तू प्रत्येक वेळी हाताने इंग्रजीत टाइप करते आहेस, म्हणून निभावलं. आता पानावरच्या रकान्यात देवनागरीत १२५० टाकून बघ. मग तेच पायथन भाषेत इंट करून, म्हणजे पूर्णांकात बदलून बघ. दोन्हीकडे एकच उत्तर येत नाही. का, ते मी सांगणार नाही. टाकण्याआधी डाव्या पानावर तुझे दोन्ही अंदाज लिही आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. उजव्या पानाचा रविवारी, फोनवर बोलू तेव्हा.

तुझी ताई