यूसी३८४२, ३८४३, ३८४४ की ३८४५: ४० वॅटच्या फ्लायबॅकसाठी कोणती चिप घ्यावी?

तुमचा पुरवठा ८५ ते २६५ व्होल्ट एसीवर चालणारा, ४० वॅटचा फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून ती आउटपुटला सोडणारा स्विचिंग पुरवठा) आहे आणि त्याचा स्विच चालवायला या चार कंट्रोल चिपांपैकी एक निवडायची आहे. मी ३८४४ घेईन.

चारही चिपा आतून जवळजवळ सारख्याच. फरक आहे तो चालू-बंद होण्याच्या व्होल्टेजमध्ये आणि कमाल ड्युटी सायकलमध्ये (प्रत्येक चक्रात स्विच किती टक्के वेळ चालू राहतो ते). ३८४२ आणि ३८४४ सुमारे १६ व्होल्टला जाग्या होतात, १० ला झोपतात. ३८४३ आणि ३८४५ ८.४ ला सुरू, ७.६ ला बंद. मेन्सवरच्या पुरवठ्यात चिप आधी एका रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून सुरू होते आणि मग ऑक्झिलरी वाइंडिंग (ट्रान्सफॉर्मरवरचं, चिपसाठीच असलेलं छोटं वेटोळं) तिला पोसू लागते. ते वाइंडिंग पुरेसं व्होल्टेज देईपर्यंत कपॅसिटर उतरत असतो. तिथे ६ व्होल्टचं अंतर हाताशी असलं की निभावतं. ०.८ व्होल्ट असलं तर चिप सुरू-बंद, सुरू-बंद करत राहते. याच्या उलट १२ व्होल्टच्या बॅटरीवर मी एकदा ३८४२ लावली होती. ती सुरूच झाली नाही, कारण तिला १६ व्होल्ट कधी मिळणारच नव्हते. तिथे ३८४३ हवी होती, आणि तिच्याबरोबर कमी गेट व्होल्टेजला पूर्ण उघडणारा मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर).

आता ड्युटी. ३८४२ आणि ३८४३ जवळपास १०० टक्क्यांपर्यंत जातात, ३८४४ आणि ३८४५ ५० च्या आत थांबतात. करंट मोडमध्ये (या चिपा स्विचमधला प्रवाह मोजून प्रत्येक पल्स थांबवतात, त्या पद्धतीत), ट्रान्सफॉर्मरमधला प्रवाह सलग वाहत असताना, ड्युटी ५० टक्क्यांपलीकडे गेली की सबहार्मोनिक दोलनं (एक पल्स रुंद, एक अरुंद अशी अस्थिरता) सुरू होतात. मग स्लोप कॉम्पेन्सेशन (मोजलेल्या प्रवाहात मिसळलेला चढता सिग्नल) द्यावंच लागतं. तुमचं किमान डीसी १२० व्होल्ट धरलं आणि ड्युटी ४५ टक्क्यांवर ठेवली, तर परावर्तित व्होल्टेज (स्विच बंद असताना आउटपुटकडून प्रायमरीवर उमटणारं) साधारण ९८ येतं. कमाल इनपुटला ३७५ अधिक ९८, म्हणजे ४७३. ६५० व्होल्टच्या मॉस्फेटला ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्समुळे येणाऱ्या स्पाइकसाठी जागा उरते. म्हणून ५० टक्क्यांची मर्यादा इथे तुमचं काहीच हिरावून घेत नाही. एक लक्षात ठेवा: ३८४४ चा ऑसिलेटर (चिपचं आतलं घड्याळ) आउटपुटच्या दुप्पट वेगाने चालतो. १०० किलोहर्ट्झ हवे असतील तर आरसी (ऑसिलेटरचे रेझिस्टर आणि कपॅसिटर) २०० साठी काढा, १.७२ भागिले आरसी या सूत्राने ८.६ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड.

स्टार्टअप रेझिस्टरकडे मात्र नीट बघा, कारण तिथे वीज सतत जळते. मूळ चिपला सुरू व्हायला १ मिलिअँपिअरपर्यंत लागू शकतात, म्हणजे १२० व्होल्टवर जेमतेम १०० किलोओहम. तोच रेझिस्टर ३७५ व्होल्टला सुमारे १.३ वॅट उधळतो, रात्रंदिवस. यूसीसी२८सी४४ सारख्या नव्या बायसीमॉस (कमी वीज खाणाऱ्या बनावटीच्या) चिपला कमाल ०.१ मिलिअँपिअर पुरतो, त्यामुळे ८२० किलोओहम चालतो आणि उष्णता ०.२ वॅटच्या आत येते. पिना त्याच. पण तिला १८ व्होल्टपेक्षा जास्त पुरवठा देऊ नका. जुनी चिप ३० व्होल्टपर्यंत सहन करते. ऑक्झिलरी वाइंडिंग २२ व्होल्ट देत असेल, तर आधी फेरे कमी करा आणि मगच चिप बदला.

करंट सेन्सच्या (मॉस्फेटमधला प्रवाह मोजणाऱ्या) पिनवर १ किलोओहम आणि ४७० पिकोफॅरड यांचा फिल्टर जुन्या-नव्या दोन्ही चिपांना लावा. मॉस्फेट चालू होतानाचा स्पाइक १ व्होल्टच्या मर्यादेला धडकला, तर प्रत्येक पल्स अर्ध्यावर तुटतो.